ताईच्या वेळेची गाडी

माघ संपत आला की मला उगाच चिडचिड होते. थंडी अर्धवट निघून गेलेली असते. पंखा लावावा तर अंग शहारतं, न लावावा तर घाम येतो. वाळत घातलेल्या कपड्यांवर शेवग्याची फुलं पडतात आणि पेपरात कुठेतरी आतल्या पानावर चार बोटं रुंदीची बातमी येते, दिवा-वसई मार्गावर गाड्या वाढवण्याचा प्रस्ताव. यंदाही आली. परवा सकाळी चहा पिता पिता वाचली आणि चहा निवून गेला. कल्याणच्या या फ्लॅटमध्ये राहून मला वीस वर्षं होत आली, त्या मार्गाने वर्षातून एकदा तरी जाते की नाही कोण जाणे. पण ती बातमी दिसली की मी पुन्हा राहनाळच्या आमच्या ओटीवर जाऊन बसते. बोटं शाईने माखलेली, आणि पुढ्यात अंगठा द्यायला आलेली कुणीतरी म्हातारी.

नवरा म्हणतो, "अगं, दरवर्षी येते ही बातमी. कशाला जिवाला लावून घेतेस?" त्याचं बरोबर आहे. दरवर्षीच येते. तेच तर दुखणं आहे.

राहनाळ हे भिवंडी शहराला चिकटलेलं गाव. दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. गाव अर्धं शेतात आणि अर्धं गोडाऊनात होतं. पलीकडे शहरात दिवसभर लूम खडखडायचे आणि अलीकडे भाताच्या रिकाम्या खाचरांत वालाच्या शेंगा भरायच्या. गावाच्या कडेने रूळ. स्टेशनाचं नाव भिवंडी रोड, आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटं. त्या रुळांवरून मालगाड्या एकामागून एक जायच्या, त्यांना कसली ददात नव्हती. माणसांची गाडी मात्र दिवसातून मोजून चार-पाच वेळा. गावात तिला सगळे शटल म्हणायचे. दिव्याहून निघायची, आमच्याकडे थांबायची, मग खारबाव, कामण, जूचंद्र करत वसईला. खाडीचा पूल आला की डब्यात खारा वारा शिरायचा आणि बडबड करणारी माणसं आपोआप गप्प व्हायची. चिखलाचा वास, तिवरांचा वास, समोरच्या कोळणीच्या पाटीतल्या सुकटीचा वास. आता कुणी अत्तराची बाटली पुढे केली तरी मी म्हणेन, राहू दे, मला तो वारा दे.

माझे बाबा शहरात एका पावरलूमच्या कारखान्यात मेहता होते. मेहता म्हणजे कारखान्याचा कारकून, पगार लिहायचा, तागे मोजायचे, शेठचा निरोप कारागिरांना आणि कारागिरांची कुरकुर शेठला सांगायची. अक्षर असं सुरेख की गावात कुणाचा अर्ज, कुणाची पत्रिका, कुणाचं वारसाचं प्रतिज्ञापत्र, सगळं आमच्या ओटीवर. दर वर्षी थंडी पडली की बाबा रेल्वेला निवेदन लिहायचे. 'सविनय सादर' पासून 'आपले नम्र' पर्यंत तीन पानं. दिवा-वसई मार्गावर सकाळ-संध्याकाळ एकेक जादा गाडी सोडावी. तेव्हा रेल्वेचं बजेट वेगळं असायचं, फेब्रुवारीच्या शेवटी एका दुपारी मंत्री भाषण वाचायचे, आणि त्याआधी निवेदन पोचलं पाहिजे म्हणून घरात नुसती धावपळ. आई म्हणायची, "पोरींच्या परीक्षेला एवढं करत नाहीत हे."

आधीची सगळी वर्षं ते निवेदन गावासाठी होतं. त्या वर्षी ते ताईसाठी झालं.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण शैला. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, आणि माझ्या अगदी उलट. मी बोलून मोकळी होणारी, ती गिळून गप्प बसणारी. भिवंडीत एका मराठी प्राथमिक शाळेत सकाळच्या सत्रात तिसरीला शिकवायची. चार वर्षं झाली होती तिला. तिच्या वर्गातली निम्मी पोरं लूमच्या शेजारच्या खोल्यांत राहणारी. घरात यंत्राचा खडखडाट चोवीस तास, त्यामुळे ती पोरं साधं 'बाई, पाणी' म्हणायची ते सुद्धा बोंब ठोकल्यासारखं. ताईने त्यांना हळू बोलायला शिकवलं. ती स्वतःच इतकी हळू बोलायची की ऐकायचं असेल तर पोरांना गप्प बसावंच लागायचं. मुख्याध्यापिका बाई सांगायच्या, शैलाच्या वर्गावरून जाताना वाटतं वर्गच नाही. आणि ताई घरी येऊन त्या पोरांच्या नकला करायची तेव्हा आम्ही हसून हसून लोळायचो. तिचं हसू तेव्हा खळखळून असायचं, हे मला मुद्दाम नोंदवून ठेवायचं आहे.

मार्गशीर्षात तिला जूचंद्रचं स्थळ आलं. मुलगा वसईला एका कंपनीत, घर स्वतःचं, माणसं चांगली. खरंच चांगली होती, त्यात काही खोट नाही. बैठक आमच्या ओटीवर झाली. मी चहा घेऊन आत-बाहेर करत होते, त्यामुळे सगळं ऐकलं. बाबांनी विषय काढला, "मुलीची नोकरी आहे, तिला सोडायची नाही." जूचंद्रहून सकाळच्या शाळेला वेळेत पोचवणारी शटल तेव्हा एकही नव्हती.

व्याही बसल्या जागी हलले. पांढरा शर्ट, पांढऱ्या मिशा, बोलणं खास आमच्याकडचंच. "गाड्या वाढतात बोलतान," ते म्हणाले. "वाढल्या तं करंल नोकरी, आमचा काय ना न्हाय. न्हाय वाढल्या तं मंग रस्त्यानी रोजचा दोन-दोन तास कशी जाईल बाईमाणूस? आणि आमच्या घरान काय कमी हाय?"

बाबांचा चेहरा उजळला. गाडी! गाडी म्हणजे तर त्यांचा प्रांत. "वाढणारच गाडी," ते म्हणाले, "यंदा निवेदन मी असं लिहितो की बघत राहाल." सगळे हसले. सुपारी फुटली. होणारे भावजी जमिनीकडे बघत बसले होते. ताई आतल्या दाराशी उभी होती, आणि मला वाटलं, चला, सुटलं एकदाचं.

त्यानंतरचे ते दोन महिने! आंब्याला मोहोर आलेला, रुळांच्या कडेला पळस पेटलेला आणि आमच्या घरात सह्यांचा कारखाना. बाबांनी जाड दोनशे पानी वही आणली. मी तेव्हा बारावीला होते. एका हातात इकॉनॉमिक्सचं पुस्तक आणि दुसऱ्या हातात शाईचं पॅड घेऊन घरोघर फिरले. राहनाळ झालं, शेजारचं कोन गाव झालं, तिकडे खारबावला बाबांचे एक शाळूसोबती होते, त्यांनी पन्नास पानं भरून दिली. लोक सह्या देताना पाणी विचारायचे, गूळ-शेंगदाणे द्यायचे. एका आजीने अंगठा दिला आणि विचारलं, "गारी दारान थांबंल काय गो?" मी म्हटलं, "हो आजी, तुमच्यासाठी हॉर्न वाजवेल." शाळेत जाणाऱ्या पोरापासून दुधवाल्यापर्यंत सगळ्यांना ती गाडी हवी होती. असं मागणं मी पुन्हा कधी पाहिलं नाही. मतभेदच नव्हता कुणाचा, आणि आमच्या गावात तर साध्या गटारावरून तीन तट पडतात.

उत्तर आलं ते मात्र टाईप केलेलं, चार ओळींचं. सदर स्थानकावरील तिकीट विक्री पाहता जादा गाडीची मागणी तूर्त विचारात घेता येत नाही. बाबांनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. दुसऱ्या दिवशी कामावर न जाता ते थेट स्टेशनात गेले. तिकिटाच्या खिडकीत एक उत्तरेकडचा तरुण बसायचा, गरीब स्वभावाचा. बाबांनी त्याला विचारलं, "क्यों भाई, एवढी माणसं रोज चढतात, आणि तिकिटं खपत नाहीत म्हणजे काय?"

तो म्हणाला, "भाईसाब, गाँववाले खिडकी पे आते कब हैं? आप ही बताओ, आपने आखरी बार टिकट कब लिया था?"

बाबा तिथून तडक घरी आले.

त्या दिवशी जेवताना ताटं वाढून झाली तरी त्यांनी घास घेतला नाही. "खरं खरं सांगा," ते म्हणाले, "शटलने जाताना तिकीट कोण काढतं?"

आई आमटी वाढता वाढता थांबली. मी पानातला भात चिवडायला लागले. आणि ताई, जी वर्गातल्या पोरांकडून सापडलेला खडूसुद्धा परत मागून घ्यायची, ती हळूच म्हणाली, "बाबा, काका म्हणाले होते ना, आपल्याला लागत नाही म्हणून."

आता हे काका प्रकरण सांगायला हवं. काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, शेजारच्याच घरात राहायचे. रूळ टाकले तेव्हा आमच्या घरची जमीन गेली, ती काका कसत होते ती. पैसे मिळाले होते, नाही असं नाही. पण काकांच्या हिशेबी जमीन दिली म्हणजे गाडी आपली. "रूळ आमच्या शेतानशी गेलंन," ते म्हणायचे, "आमच्याच शेतानशी जायाला तिकीट कसला कारायचा?" काकांच्या तोंडी काढायचं हे असं कारायचं व्हायचं, आणि गाडीची गारी. हे नुसतं काकांचंच नव्हतं. ज्यांची ज्यांची जमीन गेली त्या सगळ्या घरांचा तो मान होता. लग्नाला मामाने पुढे बसावं तसं गाववाल्याने शटलमध्ये बिनतिकीट बसावं. हळूहळू ज्यांची जमीन गेली नव्हती तेही बसायला लागले. तिकीट काढणारा दिसला तर लोक विचारायचे, "कुठचा रे तू?" या मार्गावर तिकीट तपासनीस क्वचित यायचा, आणि आलाच तर काका त्याला स्वतःची शेताची हद्द खिडकीतून दाखवायचे. तो बिचारा काय बोलणार! बाबांच्या कारखान्यातले एक कारागीर होते, रफीकभाई, भावाकडे दर शुक्रवारी वसईला जायचे. त्यांना बाबांनी विचारलं तर ते म्हणाले, "मेहताजी, हम तो हर बार टिकट लेते हैं. परदेसी आदमी, पकडे गए तो कौन छुडाएगा?" म्हणजे बघा, रेल्वेच्या कागदावर आमच्या स्टेशनातून फक्त रफीकभाई आणि त्यांच्यासारखे परगावचे लोक प्रवास करत होते. वहीत सह्या करणारं अख्खं गाव कागदावर कुठे नव्हतंच.

माझा तर संतापाने जीव गेला. कुणावर संतापायचं तेही कळेना. मीसुद्धा बिनतिकीट फिरले होतेच की! मैत्रिणीला सांगायचे वर, ऐटीत, आमची गाडी आहे म्हणून.

 तिसऱ्या दिवशी बाबा देवळात सगळ्यांना जमवून म्हणाले, "उद्यापासून प्रत्येक घरातून रोज एक तिकीट. जायचं असो, नसो." कुणीतरी मागून म्हणालं, "जायचं न्हाय तं तिकीट घेऊन करायचा काय? चाटायचा?" हशा पिकला. पण बाबांनी ताईचं नाव घेतलं. म्हणाले, "माझ्या पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे." मग कुणी हसलं नाही. गाव असं असतं. तत्त्वासाठी हलणार नाही, पोरीसाठी उठेल.

आणि उठलं, खरंच उठलं. दुसऱ्या सकाळी खिडकीसमोर रांग. त्या खिडकीला तोवर रांग ही गोष्टच ठाऊक नव्हती. बायका शेतावर जाताना वाट वाकडी करून तिकीट घ्यायच्या आणि पदराच्या टोकाला बांधून वाल तोडायला जायच्या. कुणी खारबावचं घ्यायचं, कुणी कामणचं. खिडकीतला तो तरुण भांबावून गेला. गाडी निघून जायची, फलाट रिकामा, आणि माणसं पुन्हा रांगेत. "अरे चाचा, गाडी तो गई!" तो ओरडायचा. "जाऊ दे," रांगेतून उत्तर, "तू तिकीट दे." मी कॉलेजला जाताना रोज एक तिकीट काढायचे आणि कंपासपेटीत टाकायचे. बारावीच्या परीक्षेपेक्षा मला त्या तिकिटांचीच काळजी जास्त होती. निकाल बघितला तर ते दिसतंच.

फक्त काका येत नव्हते. "माझ्या शेतान मी पैसे देऊन पाय ठेवू?" एवढंच म्हणायचे आणि तोंड फिरवायचे. ताई त्यांची फार लाडकी. लहानपणी तिला खांद्यावर घेऊन पहिली मालगाडी दाखवली होती म्हणे. ताई त्यांना एका शब्दाने काही बोलली नाही. सकाळी शाळेत जाताना त्यांच्या अंगणातून जायची, "येते काका" म्हणायची, बस्स.

एक दिवस मी रांगेत उभी होते आणि पुढे बघते तर काका. इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी, जणू लग्नाला निघालेत. खिडकीपाशी पोचले तेव्हा सगळी रांग कान देऊन उभी. तरुणाने विचारलं, "कहाँ का दूँ चाचा?"

काका म्हणाले, "पोरीच्या सासरचा दे."

"ससुराल कौनसे स्टेशन पे है?"

काकांना नावच बोलवेना. मागून मीच ओरडले, "जूचंद्र!" त्यांनी तिकीट घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, आणि बाहेर येऊन बाकावर बसले. मी जवळ गेले तर डोळे पुसत होते. "धूळ गेली," म्हणाले. त्या रुळांपायी जमीन गेली तेव्हाही हा माणूस रडला नव्हता असं आई सांगायची. मला अजूनही तो प्रसंग नीट सांगता येत नाही.

त्या आठवड्यात शेतात पोपटी लावली. वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला, मीठ, ओवा, सगळं मडक्यात भरून मडकं उपडं घालायचं आणि वरून गवत-काटक्या पेटवायच्या. आमच्याकडे थंडी सरता सरता ते व्हायलाच लागतं. सूर्य मावळतीला टेकला होता, धूर रुळांवर रेंगाळत होता, संध्याकाळची शटल हळूच त्या धुरातून गेली आणि सगळ्या गावाने तिला हात केले. ताई त्या दिवशी फार सुंदर दिसत होती. तिने मला सगळं वेळापत्रक सांगितलं. पाचला उठायचं, डबा करायचा, जूचंद्रला गाडी पकडायची, खिडकीशी बसून वह्या तपासायच्या, शाळेची घंटा व्हायच्या आधी वर्गात. "आणि शनिवारी तुमच्याकडे जेवायला," ती म्हणाली. गाडी अजून कागदावरही नव्हती आणि ताई तिच्यात बसूनही मोकळी झाली होती. गरम शेंगा सोलता सोलता तिने बाबांना विचारलं, "बाबा, गाडी नाहीच झाली तर?"

"होईल," बाबा म्हणाले. आणि तिच्या हातावर सोललेले दाणे ठेवले.

बजेटच्या दुपारी लाईट गेली. भिवंडीत तेव्हा लाईट जाणं म्हणजे रोजचंच, पण त्या दिवशी मी वीज मंडळाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. काकांचा जुना ट्रान्झिस्टर ओटीवर आणला. पंधरा-वीस माणसं भोवती. मंत्री गाड्यांची नावं वाचत होते, कुठल्या कुठल्या शहरांची, ज्यांची नावं आम्ही भूगोलात पाठ केलेली. टाळ्या पडत होत्या. प्रत्येक नावाला आम्ही पुढे झुकत होतो. मग भाषण संपलं. ट्रान्झिस्टरवर दुसरा कार्यक्रम लागला तरी कुणी तो बंद केला नाही. शेवटी आईने केला.

"एका महिन्याच्या विक्रीने काय होतंय," बाबा म्हणाले. "जुलैत नवं वेळापत्रक येतं. त्यात बघा." दुसऱ्या दिवशी रांग थोडी छोटी होती. आठवड्याने आणखी छोटी. काका मात्र होळीपर्यंत रोज जात होते, रोज जूचंद्रचंच तिकीट.

लग्न वैशाखात होतं, जुलै त्याच्या पुढे. शाळेचा निकाल लागायच्या दिवशी राजीनामा द्यायचा ठरला. कुणी ठरवला? खरं सांगायचं तर मला आठवत नाही. मी पुष्कळ आठवून पाहिलं. कुणी असं बसून, बोलून ठरवलं नाही. गाडी नाही म्हणजे नोकरी नाही हे जसं काही पंचांगातच लिहिलेलं होतं. राजीनामा बाबांनी लिहून दिला. त्यांचं अक्षर चांगलं. 'विवाहामुळे प्रवास शक्य नसल्याने', असं काहीतरी. ताईने खाली सही केली. बाबांच्या सगळ्या अर्जांत तोच एक अर्ज लगेच मंजूर झाला.

शाळेतून ती परत आली तेव्हा हातात शाल, नारळ आणि पोरांनी दिलेल्या पेनांचा जुडगा. ती सरळ आत गेली. मी दाराबाहेर उभी राहून ऐकत होते. आतून काही ऐकू येत नव्हतं. मग वाटलं, ही रडत असली तरी ऐकू येणार नाही, हिला हळूच सगळं करायची सवय.

जुलैचं वेळापत्रक आलं. ताईच्या वेळेची गाडी त्यात नव्हती. पुढच्या वर्षीच्यातही नव्हती. पुढे काय वाढलं, काय बदललं, ते बघायचंच मी सोडून दिलं. बाबांनी मात्र आणखी बरीच वर्षं निवेदनं लिहिली. आता ते नाहीत. काका त्यांच्या आधीच गेले. रुळांलगतच्या खाचरांत गोडाऊनं उभी राहिली, तिथे आता दिवसभर कंटेनर रिव्हर्स घेताना पीं पीं करतात, आणि वाल आम्ही कल्याणच्या बाजारातून विकत आणतो.

मी कितीदा तरी मनाशी जुळवून पाहिलंय. ती गाडी आली असती तर ताई आज मुख्याध्यापिका असती. तिच्या हाताखालून किती पोरं हळू बोलायला शिकली असती! शनिवारी आमच्याकडे जेवायला आली असती, आणि बाबांना शेवटच्या आजारपणात रोज बघून गेली असती. हे असलं जुळवत बसण्यात काही अर्थ नाही हे मला कळतं. पण माघ आला की मी जुळवतेच.

परवाची ती बातमी कापून घेतली आणि रविवारी जूचंद्रला गेले. ताईकडे. भावजी बाहेर गेले होते, सासू-सासरे जाऊन वर्षं झाली. ताई स्वयंपाकघराच्या दारात बसून बिरडं सोलत होती, भिजवलेल्या वालाची सालं एका बाजूला, दाणे एका बाजूला. केस बरेच पिकलेत तिचे. मी कात्रण तिच्या पुढ्यात ठेवलं. म्हटलं, "बघ, परत प्रस्ताव."

तिने ओल्या हाताने ते उचललं नाही. वाकून वाचलं. "येऊ दे गाडी," म्हणाली. "पोरींना बरी."

"तेव्हा आली असती ना ताई," मी सुरू केलं, नेहमीसारखं, "तर तू..."

"तू दरवर्षी हेच म्हणतेस," ती म्हणाली. रागावली नव्हती. चार दाणे सोलून झाले, मग म्हणाली, "एसटी होती की गं. चिंचोटीला बदलावी लागली असती. धक्के खात, ट्रकांत अडकत, पण पोचले असते मी. पाचच्या जागी चारला उठले असते."

"मग बोलली का नाहीस?"

"बैठकीत सगळे गाडीवरच बोलत बसले. नंतर बाबा रेल्वेला पत्रं लिहीत होते. किती सुंदर लिहायचे, नाही? तीन-तीन पानं." तिने हात थांबवला. "माझ्या सासऱ्यांना 'शैला एसटीने जाईल' अशा दोन ओळी लिहिल्या असत्या तर ते नाही म्हणाले नसते. भला माणूस होता तो. पण मुलीच्या बापाने व्याह्यांना असं कसं सांगायचं, म्हणून बाबा रेल्वेला सांगत राहिले."

मी कात्रणाची घडी घालायला लागले. बोलून मोकळी होणारी मी!

"तूही काही कमी नव्हतीस," ताई हसून म्हणाली, "रांगेत उभी राहून तिकिटं काढत होतीस." मग सालं गोळा करता करता, त्याच तिच्या हळू आवाजात, मला पुढे वाकून ऐकावं लागलं इतक्या हळू, म्हणाली, "सगळ्या गावाला वाटत होतं मी गाडीची वाट बघतेय. मी बाबा कधी बोलतात याची वाट बघत होते."